लोड चढला की मेल दारातच थांबवावी का?

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आंबा बागायतदारांच्या एका छोट्या व्यवसायाचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. चार कोअर, आठ जीबी रॅम, रेड-१ मध्ये (म्हणजे एकीवर दुसरीची हुबेहूब नक्कल) दोन हार्ड डिस्क, डेबियन लिनक्सवर एक्झिम हा मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम, जोडीला व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही आणि स्पॅम तपासणारा स्पॅमअसॅसिन. त्याच मशीनवर ऑर्डर घेणारी वेबसाइटही चालते. लाइट जाऊन आली की, किंवा तुटलेली फायबर जोडली गेली की, बाहेर तुंबलेली मेल एकदम येते, लोड ॲव्हरेज (चालू आणि ताटकळलेल्या कामांची सरासरी संख्या) ४० च्या पुढे जातो आणि मशीनवर लॉगिन करणंसुद्धा मुश्किल होतं. कोणीतरी सुचवलं म्हणून एका वेळच्या कनेक्शनची मर्यादा २०० केली आहे. लोड जास्त असताना येणारी मेल रोखता येते का, आणि रोखली तर ती हरवेल का?

रोखता येते, आणि नीट रोखली तर हरवत नाही. एक्झिममध्ये त्यासाठी एसएमटीपी लोड रिझर्व्ह ही सेटिंग आहे. (सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाइलमध्ये शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर येतो.) तिला एक आकडा द्यायचा. शेवटच्या एका मिनिटाचा लोड त्यावर गेला की एक्झिम नव्या कनेक्शनला ४२१ सांगून दार लावून घेतो. पण तुमच्या दुखण्यावर हा पहिला इलाज नव्हे. आधी एका वेळी किती जणांना आत घ्यायचं ते बांधा. लोड बघून दार लावणं हे शेवटचं कडं, बाकी सगळं फसलं तर उपयोगी पडणारं. तुम्ही नेमकं उलट केलंय: आत २०० जणांना घेताय आणि मग गर्दी झाली म्हणून दार कुठे लावू, असं विचारताय.

हरवण्याची भीती आधी काढून टाकू. एसएमटीपीत, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, चारने सुरू होणारं उत्तर म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’ आणि पाचने सुरू होणारं म्हणजे ‘कधीच नाही’. ४२१ मिळालं की पाठवणारा सर्व्हर मेल आपल्याच रांगेत ठेवतो. एसएमटीपीचं मानक असलेल्या आरएफसी ५३२१ च्या सूचनेप्रमाणे त्याने पुन्हा प्रयत्न करण्याआधी साधारण अर्धा तास थांबावं आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नये. प्रत्यक्षात बरेच सर्व्हर अर्ध्या तासाच्या आधीच परत येतात. पोस्टफिक्स हा दुसरा मेल सर्व्हर तर पाच मिनिटांनीही येऊ शकतो. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनात जागा नसेल तर गाडी मागच्या स्टेशनातच उभी करतात, दोन स्टेशनांच्या मध्ये आणून नाही. मेलचंही तसंच करायचं. ती पाठवणाऱ्याच्या मोठ्या सर्व्हरवर थांबलेली चांगली, तुमच्या स्वॅपमध्ये (रॅम संपली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) अडकलेली नाही.

दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. ओटीपीची मेल अर्ध्या तासाने आली काय किंवा आलीच नाही काय, सारखंच. आणि काही वेबसाइटच्या स्क्रिप्ट रांग-बिंग न ठेवता थेट तुमच्या सर्व्हरला मेल द्यायला येतात. त्यांना नकार मिळाला की त्या मेल टाकून मोकळ्या होतात. अशा मेलची वाट बघत असाल तर दार तासन् तास बंद राहणं परवडणार नाही. म्हणूनही लोडवरचा अडसर क्वचित पडावा, रोज नव्हे.

आता लोड ॲव्हरेजवर माझा भरवसा कमी का, ते सांगतो. हा आकडा उशिरा बोलतो. लिनक्स दर पाच सेकंदांनी मोजणी करतो आणि जुन्या आकड्यात नवा थोडा थोडा मिसळत जातो. लाइन जोडली गेली आणि रिकाम्या मशीनवर एका क्षणी ६० प्रोसेस धावायला लागल्या असं समजा. एका मिनिटाचा लोड १२ वर पोचायला साधारण १३ सेकंद लागतात, आणि पूर्ण मिनिट झाल्यावरही तो ३८ च्या आसपास असतो, ६० नाही. म्हणजे तुमचा अडसर पडेपर्यंत १३ सेकंद दार सताड उघडं, आणि २०० जागा भरायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. उतरतानाही तेच. त्या ६० प्रोसेस एकदम संपल्या तरी ३८ वरून १२ वर यायला मिनिटभराहून जास्त वेळ जातो, आणि तोवर रिकामं मशीन आल्यागेल्याला नकार देत बसतं. मग दार उघडतं, सगळे एकदम शिरतात, पुन्हा बंद होतं. लोडचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसत असेल तर हेच चाललंय असं समजा.

दुसरं म्हणजे हा आकडा सगळ्या मशीनचा असतो, मेलचा नाही. शिवाय लिनक्समध्ये सीपीयूसाठी थांबलेल्या प्रोसेसबरोबर डिस्कसाठी अडकलेल्या, म्हणजे टॉपमध्ये डी अवस्थेत दिसणाऱ्या प्रोसेसही त्यात मोजल्या जातात. उलट नेटवर्कची वाट बघत झोपलेल्या प्रोसेस मोजल्या जात नाहीत. डीएनएसचं उत्तर येत नाही म्हणून शंभर कनेक्शन लटकली असतील तरी लोड एकच्या खाली राहू शकतो. आणि एप्रिलात वेबसाइटवर ऑर्डरची झुंबड उडाली, डेटाबेस गुदमरला, लोड २० झाला, तर मेल बिचारीचा काही दोष नसताना तिला दारात उभं करून ठेवाल. त्याने लोड उतरणारही नाही. रात्री बॅकअप चालतो तेव्हाही हेच होतं. बॅकअपला नाइस आणि आयोनाइस (सीपीयू आणि डिस्कसाठी त्याचा नंबर मागे टाकणाऱ्या कमांड) लावा, तो थोडा सावकाश झाला तर कोणाचं बिघडत नाही.

तुमच्या बाबतीत मला तिसराच संशय आहे. लाइट अचानक गेली म्हणजे रेडच्या दोन डिस्क जुळलेल्या आहेत की नाही याची खात्री मशीनला राहत नाही, आणि परत चालू झाल्यावर ते डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा जुळवायला घेतं. मोठ्या हार्ड डिस्कला यात तास जातात. त्याच वेळी क्लॅमएव्ही आपला व्हायरसच्या सह्यांचा (ओळखखुणांचा) डेटाबेस मेमरीत चढवतोय, त्याला एक जीबीहून जास्त रॅम लागते. आणि त्याच वेळी बाहेरची मेल दार ठोठावतेय. लाइट आल्यावर प्रॉकमधली एमडीस्टॅट फाइल उघडून बघा. तिथे रीसिंक, म्हणजे ही पुन्हा जुळवणी, चालू दिसला तर रेडला राइट-इंटेंट बिटमॅप (कुठले भाग लिहायचे चालले होते त्याची नोंद) लावून घ्या. मग सगळी डिस्क न चाळता फक्त अर्धवट राहिलेले भाग जुळवले जातात आणि काम बरंच लवकर आटपतं. यूपीएस असेल तर बॅटरी संपण्याआधी मशीन आपणहून नीट बंद होईल अशी व्यवस्था करा. यूपीएस असूनही त्याची मशीनला खबर देणारी केबल कित्येक ठिकाणी खोक्यातच पडलेली असते. फायबर जोडल्यावर होणाऱ्या त्रासात मात्र रीसिंकचा संबंध नाही, तिथे निव्वळ गर्दी आहे. म्हणून दोन्ही वेळचे आकडे वेगवेगळे बघा.

बघायचे कसे? व्हीएमस्टॅट दर सेकंदाला चालू ठेवा. आर कॉलम मोठा म्हणजे सीपीयूसाठी रांग, बी मोठा म्हणजे डिस्कसाठी. एसआय आणि एसओ हलताना दिसले तर मशीन स्वॅप करतंय, आणि मग बाकीच्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही. एक्झिव्हॉट कमांड एक्झिमची कुठली प्रोसेस काय करतेय ते एकेका ओळीत सांगते.

आता मुख्य काम. तुमच्या मशीनवर जड काम मेल घेण्याचं नाही, तपासण्याचं आहे. म्हणून तपासणाऱ्यांची संख्या कोअरएवढी ठेवा. स्पॅमअसॅसिनचे चिल्ड्रन (एका वेळी तपासणाऱ्या प्रोसेस) मुळात पाच असतात, ते चार करा. क्लॅमडीचे (क्लॅमएव्हीचा सतत चालणारा भाग) मॅक्स थ्रेड्स दहा असतात, तेही चार करा. चारच्या वर आलेली मेल सॉकेटवर आपल्या नंबराची वाट बघत झोपून राहील, आणि झोपलेली प्रोसेस लोड वाढवत नाही. नुसत्या एवढ्यानेच ४० चा आकडा बराच खाली यावा.

पण झोपणाऱ्यांनाही मर्यादा हवी, कारण एक्झिम क्लॅमडी आणि स्पॅमडीच्या (स्पॅमअसॅसिनचा तसाच भाग) उत्तरासाठी मुळात दोनच मिनिटं थांबतो. साधा हिशोब करा. एका मेलला तपासायला तीन सेकंद, चार एका वेळी, आणि आत ३० जण: शेवटच्याचा नंबर २०-२५ सेकंदांत लागतो. मशीन दमलेलं आहे, एका मेलला दहा सेकंद लागताहेत, तरी सव्वा मिनिटात. आता तुमचे २०० घ्या, आणि स्वॅपमुळे एकेका मेलला २० सेकंद धरा: हजार सेकंद. म्हणजे बहुतेकांची दोन मिनिटं वाट बघण्यातच संपतात आणि एक्झिम त्यांना तात्पुरता नकार देतो. पण केव्हा? पेट्यांच्या फोटोंसकट अख्खी मेल उतरवून घेतल्यावर. पुढच्या फेरीला तीच मेल पुन्हा पहिल्यापासून यायची, पुन्हा तेवढीच बँडविड्थ खायची. एवढं करून दारातच ‘आत्ता नाही’ म्हणणं किती स्वस्त पडलं असतं ते बघा.

ही दोन मिनिटं वाढवून घ्यायचा मोह होईल. करू नका. मेल संपल्याची खूण असलेला शेवटचा डॉट पाठवल्यावर पाठवणारा साधारण दहा मिनिटं उत्तराची वाट बघतो, त्यापुढे लाइन तोडतो. तुम्ही अकराव्या मिनिटाला मेल घेतली तर त्याला ते कळतच नाही, तो तीच मेल परत पाठवतो. एका ग्राहकाची पाच डझनांची ऑर्डर दोनदा भरली गेली की याचं मूळ कोणी मेल सर्व्हरमध्ये शोधायला जात नाही.

तर एसएमटीपी ॲक्सेप्ट मॅक्स २०० वरून ३० वर आणा. एक्झिमचा मुळातला आकडा २० आहे, म्हणजे ३० म्हणजे काही हात आखडणं नव्हे. एसएमटीपी ॲक्सेप्ट मॅक्स पर होस्ट चार ठेवा, म्हणजे एकच कोणी सगळ्या जागा अडवणार नाही. एसएमटीपी ॲक्सेप्ट रिझर्व्ह सहा, आणि एसएमटीपी रिझर्व्ह होस्ट्समध्ये तुमच्या ऑफिसचे पत्ते. हे सहा त्या तिसातलेच, वेगळे नव्हेत. ऑफिसला किमान सहा जागा राखीव, जास्त लागल्या तर जास्तही मिळतात.

यानंतर लोडची पाळी. इथे लोक हमखास क्यू ओन्ली लोड लावतात आणि काम झालं असं समजतात. ही सेटिंग मेल नाकारत नाही. ती घेते आणि लगेच पोचवण्याऐवजी रांगेत टाकते. तुमच्याकडे व्हायरस आणि स्पॅमची तपासणी मेल घेतानाच, डेटा एसीएलमध्ये (एसीएल म्हणजे घ्यायची की नाही ते ठरवणाऱ्या नियमांची यादी) होते. म्हणजे जड काम होऊन गेल्यावर मेल रांगेत जाणार, आणि वाचणार काय, तर मेलबॉक्समध्ये फाइल लिहिण्याचं किरकोळ काम. शिवाय रांगेत गेलेली मेल पुढची क्यू रन, म्हणजे रांग उपसण्याची फेरी, होईपर्यंत तिथेच राहते, आणि डेबियनमध्ये ती मुळात दर अर्ध्या तासाने होते. ‘मेल आलेली लॉगमध्ये दिसते पण इनबॉक्समध्ये नाही’ अशी तक्रार आली तर आधी इथे बघा. सेटिंग निरुपयोगी नाही. रांगेतली मेल एका वेळी ठरावीकच रनर काढतात, मुळात पाच, त्यामुळे गर्दीत शिस्त येते. फक्त तिच्यावर भिस्त ठेवू नका, आणि क्यू रन दर पाच मिनिटांनी करा.

चार कोअरसाठी मी हे आकडे असे लावीन: क्यू ओन्ली लोड ८, बाहेरच्या मेलला नकार १२ वर, रांग उपसणं थांबवणारा डिलिव्हर क्यू लोड मॅक्स १६, आणि ऑफिसचे राखीव पत्ते सोडून सगळ्यांनाच नकार देणारा एसएमटीपी लोड रिझर्व्ह २०. रांग उपसणं बंद व्हायचा आकडा नव्या मेलच्या नकाराहून वर ठेवलाय तो मुद्दाम. उलट लावलं तर आतली तुंबलेली मेल तशीच पडून राहते आणि वरून नवी येत राहते.

१२ वरच्या नकारासाठी वेगळी सेटिंग का, तर एसएमटीपी लोड रिझर्व्ह कनेक्शन आल्या आल्या, लॉगिन व्हायच्या आधी बघितली जाते. ती माणूस ओळखत नाही, फक्त आयपी पत्ता ओळखते. बागेत उभं राहून मोबाइलवरून मेल पाठवणारा तुमचाच माणूस तिच्या लेखी परकाच. म्हणून १२ ची अट कनेक्ट एसीएलमध्ये लिहा: रिसीव्ह्ड पोर्ट २५ (बाहेरचे सर्व्हर येतात तो) असेल आणि लोड ॲव्हरेज मर्यादेच्या वर असेल तरच डिफर, म्हणजे तात्पुरता नकार. लॉगिन करून ५८७ पोर्टवरून येणारे आपले लोक मग २० पर्यंत आत येऊ शकतात. ३० जागा भरलेल्या असतील तर त्यांनाही थांबावं लागेल, पण फोन मेल आउटबॉक्समध्ये धरून ठेवतो.

इथे एक खड्डा आहे. एसीएलमध्ये लोड ॲव्हरेज हा व्हेरिएबल हजाराने गुणलेला असतो. १२ लोड म्हणजे तिथे १२०००. सरळ १२ लिहिलंत तर ०.०१२ लोडला दार बंद, म्हणजे मेल बंदच. वरच्या सगळ्या सेटिंगमध्ये मात्र साधाच आकडा लिहायचा, दशांश चालतो. आणि डिनाय (कायमचा नकार) नको, डिफर लिहा. एका शब्दाने तात्पुरता नकार कायमचा होतो आणि पाठवणाऱ्याकडे मेल बाउन्स होऊन, म्हणजे पोचली नाही म्हणून परत, जाते.

बॅकअप एमएक्सबद्दल (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा दुसरा सर्व्हर) तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याच्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. एरवी मी छोट्या सर्व्हरला दुसरा एमएक्स ठेवू नका असंच सांगतो. पाठवणारा चार-पाच दिवस मेल धरून ठेवतोच, आणि स्पॅम टाकणारे मुद्दाम दुसऱ्या दाराने येतात. किनाऱ्यावर मात्र हे गणित बदलतं. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत किती गावं आठवडाआठवडा आणि त्याहून जास्त काळ अंधारात होती हे इकडच्यांना सांगायला नको. पाच दिवस संपले की पाठवणारे मेल परत करू लागतात. तेव्हा पुण्या-मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक साधा दुसरा सर्व्हर ठेवा. पण त्याला तुमचे खरे मेल पत्ते माहीत असू द्या, नाहीतर तो काहीही घेईल आणि नंतर खोट्या पत्त्यांवर बाउन्स पाठवत बसेल. त्याच्या रांगेची मुदतही वाढवा. पोस्टफिक्स असेल तर मुळात पाच दिवस असते. आणि त्याचा पत्ता तुमच्या रिझर्व्ह होस्ट्समध्ये चुकूनही घालू नका. आपलाच सर्व्हर म्हणून सगळे तिथे घालतात, आणि मग लाइन जोडल्यावर सगळी तुंबलेली मेल त्याच राखीव दाराने, कुठल्याही अडसराशिवाय आत घुसते. तो बाहेरचा समजा. एका होस्टला चारची मर्यादा त्यालाही लागू द्या, तो रात्रभर सावकाश रिकामा होईल.

कोणी सेंडमेल हा मेल सर्व्हर चालवत असेल तर तिथे ही कल्पना जुनीच आहे: मेल रांगेत टाकायचा लोड, क्यू-एलए, मुळात प्रत्येक प्रोसेसरमागे ८ आणि नकार द्यायचा, रिफ्यूज-एलए, १२. पोस्टफिक्स लोड ॲव्हरेज बघतच नाही, तो प्रोसेस मोजतो, आणि मला ते जास्त पटतं. त्याच्या सगळ्या एसएमटीपीडी (मेल घेणाऱ्या) प्रोसेस गुंतल्या की २.५ आवृत्तीपासून तो आपणहून तणावाच्या पवित्र्यात जातो: एरवी समोरच्यासाठी ३०० सेकंद थांबणारा दहाच सेकंद थांबतो आणि पहिल्याच चुकीला बाहेर काढतो. तुम्हाला मात्र एवढ्यासाठी एक्झिम सोडायची काही गरज नाही.

लावल्यावर तपासा, आणि दुपारच्या निवांत वेळी तपासा, पुढच्या वादळाची वाट बघू नका. आधी एक्झिम -बीव्ही चालवून फाइलमध्ये चूक नाही ना ते बघा. मग एसीएलमधला आकडा १२००० वरून १ करा, डिमनला (एक्झिमची सतत चालणारी मुख्य प्रोसेस) हप सिग्नल द्या, म्हणजे तो सेटिंग पुन्हा वाचेल, आणि बाहेरच्या एखाद्या मशीनवरून २५ पोर्टला टेलनेट करा. चारने सुरू होणारा नकार दिसायला हवा. पाचने सुरू होणारा दिसला तर डिनाय राहिलंय. त्याच वेळी मोबाइलचा वायफाय बंद करून डेटावरून एक मेल पाठवून बघा, ती गेली पाहिजे. मग आकडा पूर्ववत करून पुन्हा हप द्या. हे शेवटचं विसरलात तर संध्याकाळपर्यंत एकही मेल येणार नाही.

आणि कधी मशीन हाताबाहेरच गेलं, तर एक्झिमचा डिमन सरळ थांबवा. दार ठोठावणाऱ्याला कनेक्शन मिळत नाही, तोही तात्पुरता नकारच समजतो आणि परत येतो. रीसिंक संपू द्या, क्लॅमडी उठू द्या, मग डिमन चालू करा.

हे आकडे तुमच्या वर्णनावरून दिलेत. पुढच्या वेळी लाइट आली की पहिल्या दहा मिनिटांचं व्हीएमस्टॅट एका फाइलमध्ये जमा करा, आणि फायबर जोडल्यावरचं वेगळ्या फाइलमध्ये. दुसऱ्या फाइलमध्येही बी कॉलम मोठा दिसला तर ३० चे २० करा. आर मोठा दिसला तर आधी वेबसाइट दुसऱ्या मशीनवर हलवायचा विचार करा, मेलला हात लावू नका.